आईचा कप-डिस्क रेशो ०.७ आला आहे. सावळ्या लोकांचा मोठाच असतो, हे खरं का?

मृण्मयी_डोंबिवली | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण आठ दिवस घरात दुसरा विषय नाही.

आई ५८ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सोसायटीत डोळे तपासणीचं शिबिर होतं. चष्म्याचा नंबर बघून घेऊ म्हणून ती खाली गेली आणि "नस पोकळ होत चालली आहे, काचबिंदू असू शकतो" एवढं ऐकून घरी आली. आम्ही तिला जवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डोळ्याचा दाब उजवीकडे १६, डावीकडे १७. मग ओसीटी (नसेचा स्कॅन) काढला. दोन्ही डोळ्यांचा कप-डिस्क रेशो ०.७, रिपोर्टच्या रंगांत बाकी सगळं हिरवं, डाव्या डोळ्यात एकच तुकडा पिवळा. पाच मिनिटांत थेंब लिहून मिळाले, "आता आयुष्यभर घालायचे" असं सांगितलं आणि पुढचा पेशंट आत आला. आई रिक्षात बसल्यावर रडली.

माझ्या भावाने दोन रात्री जागून नेटवर वाचलं. त्याचं म्हणणं असं, की कृष्णवर्णीय लोकांच्या डोळ्यात नसेचं तोंड मुळातच मोठं असतं, म्हणून खळगाही मोठा दिसतो आणि मशीनमधले आकडे गोऱ्या लोकांवरून घेतलेले असतात. आई चांगली सावळी आहे. त्यामुळे हे नॉर्मल आहे, थेंब घालू नका. बाबा म्हणतात, डॉक्टर सांगतात ते मुकाट करा. थेंबांची बाटली न उघडता फ्रीजच्या दारात उभी आहे.

कुणाला यातलं कळतं का? रेशो आणि रंग यांचा खरंच संबंध आहे का?

---

सुनंदा_वसई | शनिवार, रात्री १०.०५

घाबरू नका ताई. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागल्या. करून टाका.

---

गिरगावचे_काका | शनिवार, रात्री १०.२०

सुनंदाताई, तुमच्या सासूबाईंचा मोतीबिंदू असणार. त्यात गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात आणि नजर परत येते. काचबिंदूत नस मरते. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही, उरलेली राखायची एवढंच. मी स्वतः भोगतोय. सकाळी सविस्तर लिहितो.

---

नेत्र_परळ | शनिवार, रात्री ११.१५

मृण्मयी, मी परळला एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. डॉक्टर नाही, म्हणून थेंब घाला किंवा घालू नका हे मी सांगणार नाही. पण मोजमाप हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या भावाने जे वाचलं ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं न वाचल्यामुळे लोकांचे डोळे गेलेले मी पाहिले आहेत.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचे साधारण दहा-बारा लाख बारीक तंतू एका जागी गोळा होतात आणि नस बनून मेंदूकडे जातात. ते जिथून बाहेर पडतात ती गोल जागा म्हणजे डिस्क. तंतू कडेकडेने आत उतरतात, मधे खळगा राहतो, तो कप. कपाभोवती उरलेला तंतूंचा काठ म्हणजे रिम. काचबिंदूत तंतू मरतात, काठ झिजतो आणि खळगा पसरतो. कपाच्या उभ्या मापाला डिस्कच्या उभ्या मापाने भागलं की तो रेशो मिळतो.

आता थाळीपीठाचा गोळा डोळ्यांसमोर आणा. तेवढंच पीठ एकदा मोठ्या परातीच्या कडेने लिंपलं आणि एकदा लहान ताटलीच्या कडेने, तर परातीत मधली जागा भरपूर उरेल आणि ताटलीत जेमतेम. पीठ तेवढंच. डिस्कचंही तसंच आहे. उभा व्यास २.२ मिलिमीटरच्या वर असेल तर ०.७ चा रेशो पूर्ण निरोगी असू शकतो. व्यास १.५ च्या आत असेल तर ०.५ बघूनही मी डॉक्टरांना हाक मारते. म्हणजे रेशो हा अपूर्णांक आहे आणि तुम्हाला त्याचा छेद कुणी सांगितलेलाच नाही. आईच्या डिस्कचा आकार किती, हे रिपोर्टवर बघा. "डिस्क एरिया" असं लिहिलेलं असतं.

मशीनशिवायही हे मोजता येतं. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) भिंग धरायचं, प्रकाशाची पट्टी डिस्कच्या उंचीएवढी करायची, मापपट्टीवरचा आकडा वाचायचा. ९० नंबरचं भिंग असेल तर १.३ ने गुणायचं, ७८ चं असेल तर १.१ ने. एका मिनिटाचं काम आहे. हे केसपेपरवर लिहिण्याची सवय सगळीकडे असती तर असे किती धागे निघालेच नसते.

---

मृण्मयी_डोंबिवली | शनिवार, रात्री ११.३२

खूप खूप आभार! रिपोर्ट काढला. डिस्क एरिया उजवीकडे २.९१ आणि डावीकडे २.८४ चौरस मिलिमीटर. मोठी म्हणायची का?

---

नेत्र_परळ | शनिवार, रात्री ११.५०

हो, मोठी आहे. ही दिलासा देणारी बाब आहे, पण अजून भावाला जिंकू देऊ नका. उद्या रंगाबद्दल लिहिते, ते दोन ओळींत होणार नाही.

---

गिरगावचे_काका | रविवार, सकाळी ७.१०

माझं उलट झालं, म्हणून लिहितो.

वय ७१. पंचावन्नाव्या वर्षी तपासणी केली तेव्हा रेशो ०.४ होता. "कप लहान आहे, काही काळजी नाही" असं सांगितलं गेलं. दाब १८. मी निर्धास्त झालो आणि पाच वर्षं फिरकलो नाही. मग एके दिवशी चर्नी रोडचा जिना उतरताना खालची पायरी दिसलीच नाही, तोंडावर पडलो. कुणीतरी म्हणालं अशक्तपणा असेल. बी-१२ च्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्यांदा पडल्यावर मुलीने फील्ड टेस्ट (नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्याची तपासणी) करवली. डाव्या डोळ्याची खालची अर्धी बाजू जवळपास संपली होती. समोरचं स्पष्ट दिसतं, अक्षर वाचतो, म्हणून मला पत्ताच नव्हता.

नवीन डॉक्टरांनी डिस्क मोजली तेव्हा कळलं की ती फार लहान आहे. लहान डिस्कला ०.४ म्हणजे माझ्यासाठी जास्तच होता. ताटली लहान होती, नेत्रताई, तुमच्याच शब्दांत.

मृण्मयी, आईला घाबरवायचं म्हणून सांगत नाही. "कप मोठा म्हणजे रोग" हे जितकं चूक, तितकंच "कप लहान म्हणजे सुटका" हेही चूक. आणि डॉक्टर बदला किंवा बदलू नका, पण बाटली फ्रीजमध्ये ठेवून वाट बघत बसू नका. या आठवड्यातच दुसरीकडे दाखवा.

---

समीर_कुर्ला | रविवार, सकाळी ९.००

काका, वाचून वाईट वाटलं. पण मग रेशो काढायचाच कशाला? दाब मोजला की झालं ना?

---

नेत्र_परळ | रविवार, दुपारी १.३०

समीर, दाबावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. काकांचाच बघा, १८ होता. १० ते २१ ही आपण नॉर्मल धरतो ती पट्टी, पण त्या पट्टीत राहूनही नस झिजते. शिवाय दाब मोजताना आपण बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) दाबून बघतो. तो पातळ असेल तर दाब आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो. दाब मोजायची गोल्डमनची पद्धत साधारण ५२० मायक्रॉन जाडी गृहीत धरून बांधलेली आहे. आणि आपल्या लोकांचा पडदा? नागपूरजवळच्या खेड्यांत सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी नावाची मोठी पाहणी झाली, त्यात सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांची सरासरी ५५० च्या आसपास असते. तेव्हा "दाब १६ आहे" असं ऐकलं की पुढचा प्रश्न "पॅकीमेट्री (या पडद्याची जाडी मोजणं) केली का?" हाच हवा. मात्र इतके मायक्रॉन कमी म्हणून इतका दाब वाढवून धरा, असं बिनचूक गणित नाही. नेटवर तक्ते फिरतात, ते वापरू नका.

आता रंग.

अमेरिकेत बाल्टिमोरला १९८० च्या दशकात मोठी पाहणी झाली. त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची डिस्क सरासरी २.९४ चौरस मिलिमीटर आणि गोऱ्यांची २.६३ निघाली. म्हणजे तुमच्या भावाने वाचलं ते खरं आहे. पण त्याच पाहणीत असंही दिसलं, की तिथल्या कृष्णवर्णीयांमध्ये काचबिंदू गोऱ्यांच्या चार-पाच पट आहे. बार्बाडोसमध्ये चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांत तो ७ टक्के निघाला, घानातल्या टेमा शहरातही जवळपास तेवढाच. मोठा निरोगी कप आणि जास्त रोग, दोन्ही एकाच लोकसमूहात. म्हणून "यांचा मोठाच असतो" म्हणून सोडून देणं त्यांच्यासाठी सगळ्यात घातक आहे.

मुंबईत केनिया, टांझानिया, नायजेरियातून उपचारांसाठी खूप लोक येतात. अशाच एका चाळिशीतल्या गृहस्थांची नस मी मोजली होती. दोन्हीकडे ०.८, डिस्क प्रचंड मोठी. उजवीकडे काठ सगळीकडून नितळ आणि भरलेला. डावीकडे रेशो तोच, पण खालच्या काठाला एक खाच आणि तिच्या शेजारी नखाच्या ओरखड्याएवढा रक्ताचा डाग. आकडा दोन्ही डोळ्यांना सारखाच होता. रोग काठावर दिसत होता. त्या दिवसापासून मी आकडा शेवटी लिहिते, आधी काठाचं चित्र काढते. निरोगी डोळ्यात बहुधा खालचा काठ सगळ्यात जाड असतो, मग वरचा, मग नाकाकडचा, आणि कानाकडचा सगळ्यात पातळ. हा क्रम मोडला की थांबून बघायचं. प्रत्येक निरोगी डोळा तो पाळतोच असं नाही, पण मोडला असेल तर कारण शोधायलाच हवं.

आणि आई सावळी आहे म्हणून तिला बाल्टिमोरचा आकडा लावायचा, हे मुळातच चुकतं. डिस्कचा आकार कातडीच्या रंगावर ठरत नाही. वंश, डोळ्याची लांबी आणि घरातला वारसा यांतून तो येतो. नागपूरच्या त्याच पाहणीत सरासरी २.२५ चौरस मिलिमीटर होती, आणि ती माणसं आपल्या-तुपल्यासारखीच सावळी. (मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे बाल्टिमोरच्या आकड्याशी थेट ताडून बघू नका.) एकाच घरात एकाची डिस्क दुसऱ्याच्या दीडपट मोठी मी रोज बघते.

---

सह्याद्रीचा_वारा | रविवार, दुपारी ३.१०

फार सुंदर समजावलंत. मग डोळ्यांच्या बाबतीत काळ्या रंगाने कशातच फरक पडत नाही का?

---

नेत्र_परळ | रविवार, दुपारी ३.४५

पडतो, पण वेगळ्या ठिकाणी. गडद बुबुळात रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे बाहुली मोठी करायच्या थेंबांना वेळ लागतो. आपल्याकडे दोन-तीनदा थेंब घालून अर्धा-पाऊण तास बसवतात ते म्हणूनच. घाई केली तर बाहुली अर्धवट उघडते आणि नस नीट दिसत नाही. बुबुळाला लेझरने बारीक छिद्र पाडायचं असेल तर जाड तपकिरी बुबुळाला जास्त ताकद लागते. आणि एक चांगली गोष्ट : डोळ्याच्या आतल्या पडद्यामागची पार्श्वभूमी गडद असेल तर तंतूंचा थर तिच्यावर चंदेरी रेघांसारखा उठून दिसतो. कुठे तंतू गेले असतील तर काळी पाचर दिसते. फिकट डोळ्यांत ती इतकी स्पष्ट दिसत नाही. आपल्या रंगाचा फायदा आहे तो, बघणाऱ्याने थांबून बघितलं तर.

---

वैशाली_ठाणे | रविवार, रात्री ८.२५

रंगाचा विषय निघालाच आहे तर मला एक सांगायचं आहे. विषयांतर वाटेल, पण नाही.

माझी धाकटी बहीण सावळी. लग्नाचं बघायला लागल्यापासून "थोडी उजळ दिसली असती तर" हे घरीदारी ऐकत आली. ओळखीतल्या कुणीतरी एक क्रीम आणून दिलं, ते तिने तीन वर्षं चेहऱ्याला, अगदी डोळ्यांच्या खालपर्यंत चोळलं. त्यात स्टेरॉइड होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी तिचा दाब ३४ निघाला. दोन्ही नसांचं नुकसान झालेलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तोच "चेहऱ्याला काय लावतेस?" क्रीम बंद केल्यावर दाब उतरला, पण फील्ड टेस्टमधला काळा भाग तसाच राहिला.

२०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात. कुणाच्या घरात असं काही लावत असतील तर कृपा करून ट्यूबवरची नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. मृण्मयी, आईला दम्याचा पंप, सांधेदुखीच्या गोळ्या, असलं काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यातही स्टेरॉइड असू शकतं. माझ्या बहिणीला ते कुणी आधी विचारलं असतं तर आज तिला रात्री स्कूटर चालवता आली असती.

---

मृण्मयी_डोंबिवली | रविवार, रात्री ९.००

वैशालीताई, अंगावर काटा आला. बहिणीला खूप प्रेम. आई क्रीम वगैरे काही लावत नाही, पण आजीला, म्हणजे आईच्या आईला, शेवटी शेवटी दिसत नव्हतं. आम्ही म्हातारपणाचं समजलो.

---

दर्या_मुरुड | रविवार, रात्री ९.३०

मी सध्या वाशीला असतो, आजोळ मुरुड-जंजिऱ्याचं, सिद्दी. म्हणजे कोकणी बोलण्यात आणि आफ्रिकी रक्तात. डोळे तपासताना आजवर मला वंशाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हे वाचून वाटलं, सांगायला हवं होतं. मशीनला ते कळतं का?

---

नेत्र_परळ | रविवार, रात्री १०.१०

जरूर सांगा, आणि चाळिशी जवळ आली असेल तर थांबू नका.

मशीनचं असं आहे, की ओसीटी तुमच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतं आणि आत साठवलेल्या निरोगी माणसांशी ताडून रंग देतं. बऱ्याच दवाखान्यांत असलेल्या एका मशीनच्या संचात एकूण २८४ माणसं आहेत आणि त्यात भारतीय साधारण १ टक्का. एचआरटी-३ नावाच्या जुन्या मशीनमध्ये आफ्रिकी आणि भारतीय असे वेगळे संच होते, पण भारतीयांचे डोळे फक्त १०४. इतक्या मोठ्या देशाची ही मोजपट्टी.

पिवळा म्हणजे निरोगी माणसांतल्या सगळ्यात पातळ ५ टक्क्यांत, लाल म्हणजे १ टक्क्यात. म्हणजे विसात एक निरोगी माणूस पिवळा येणारच. आणि घड्याळासारखे बारा तुकडे एका डोळ्याला, दोन डोळ्यांचे चोवीस. त्यातला एखादा पिवळा आला म्हणून रोग ठरत नाही. जास्त मायनस नंबर असेल तरी रंग फसवतात. उलट मूळचा थर जाड असलेल्या माणसाचे बरेच तंतू जाऊनही तो हिरवाच राहतो. फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश तंतू गेलेले असतात.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पहिला रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर काढा. सिग्नलचा (स्कॅन किती स्पष्ट आला त्याचा) आकडा ६ च्या खाली असेल तर तो रिपोर्ट परत काढून मागा. डिस्कचा साधा फोटोही काढून घ्या. आईची तुलना आईच्याच मागच्या वर्षाशी झाली, तर बाल्टिमोर नको आणि नागपूरही नको.

मृण्मयी, आजीचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं आहे. काचबिंदू घरात चालत येतो. आईला भावंडं आहेत का?

---

मृण्मयी_डोंबिवली | रविवार, रात्री १०.२५

एक मामा आहेत, चिपळूणला. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. गुरुवारची वेळ मिळाली आहे दुसऱ्या ठिकाणी, आधी आईचं बघते.

---

गिरगावचे_काका | बुधवार, सकाळी ६.५०

मृण्मयी, उद्या जाताना जुना चष्मा, सगळे रिपोर्ट आणि आईच्या चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. बाहुली मोठी केल्यावर उन्हात त्रास होतो, टोपी लागेल. परतीला लोकलच्या गर्दीत शिरू नका.

---

मृण्मयी_डोंबिवली | गुरुवार, रात्री १०.४०

आत्ता घरी टेकलो. सकाळी साडेनऊला गेलो ते तीन वाजता बाहेर पडलो, पण यावेळी कुणी घाई केली नाही.

दाब १७ आणि १७. पॅकीमेट्री ५०८ आणि ५११, म्हणजे पडदा पातळच. डॉक्टर म्हणाल्या, हे फाइलवर ठळक लिहून ठेवते. आरसा असलेलं भिंग लावून डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन बघितला, उघडा आहे. थेंब तीनदा घातले तेव्हा कुठे बाहुली नीट उघडली. मग डिस्क मोजली, ७८ च्या भिंगाने. मीच विचारलं. उजवीकडे २.३, डावीकडे २.२. काठ दोन्हीकडे सलग, खालचा सगळ्यात जाड. खाच नाही, रक्ताचा डाग नाही. डावीकडचा पिवळा तुकडा कानाकडच्या बाजूचा आहे, तिथे काठाला काही दिसत नाही.

फील्ड टेस्ट पहिल्यांदा बिघडली. आई इतकी घाबरली होती की दिवा नसतानाही बटण दाबत होती. तिला चहा पाजला, अर्ध्या तासाने परत बसवलं. दुसऱ्या वेळी स्वच्छ आली.

थेंब आत्ता नकोत. डिस्कचे फोटो काढले, सहा महिन्यांनी त्याच मशीनवर ओसीटी. भावाला मी स्पष्ट सांगितलं, की थेंब नकोत हे तुझं बरोबर निघालं, पण कारण तुझं नव्हतं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, माझीही तपासणी करतो.

डॉक्टरांनी आजीचं ऐकून लगेच मामांबद्दल विचारलं. संध्याकाळी फोन केला. मामी म्हणाल्या, अलीकडे जेवताना पानातली वाटी त्यांना सापडत नाही, हात चाचपडत जातो. मामा म्हणाले, काही नाही गं, नंबर वाढला असेल. काका, मला तुमचा जिनाच आठवला. उद्या रात्रीच्या गाडीने भाऊ त्यांना आणायला जातोय.

नेत्रताई, तुमच्याकडे मामांना दाखवायचं असेल तर कुठल्या वारी आणि किती वाजता रांगेत उभं राहायचं?

---

नेत्र_परळ | गुरुवार, रात्री १०.५५

सोमवारी आणा. साडेसातला केसपेपर काढा, मी आठपासून असते. मामांना सांगा, गाडी स्वतः चालवू नका, आणि जुने चष्मे सगळे घेऊन या.